मांडवातून उठलेला क्लॅरोनेटवाला

माझ्या वडिलांना माझ्या सख्ख्या मामाने फसवलं. भर लग्नात, भर दुपारी, स्वतःच्या हाताने. त्याने थंड्यात दारू मिसळून त्यांना पाजली आणि नंतर सगळ्या नात्यात सांगितलं की दाजींनी स्वतःच मागून घेतली. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. भोरमध्ये माझा मंडप, भांडी आणि खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा आहे, आणि गिऱ्हाईक दारात उभं असतानाच भाव सांगायचा ही माझी पद्धत आहे. चहा पाजून मग भाव सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लोक मला तोंडाची फाटकी म्हणतात. म्हणू देत. माझ्या दोन गोदामांतला एकही खांब कुणी फुकट दिलेला नाही.

वडिलांना मी दादा म्हणायची. तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव, वेल्ह्याच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. पावसाळ्यात भाताची खाचरं आणि लग्नसराईत बँड, यावर घर चालायचं. दादा क्लॅरोनेट वाजवायचे. बँडमधले बाकीचे लोक त्यांना मास्तर म्हणायचे, कारण गाणं उचलायचे ते दादा आणि मागून सगळे. घरात खुंटीवर त्यांचा लाल कोट असायचा, खांद्यावर सोनेरी झालर लावलेला. त्याला घामाचा, पत्र्याच्या पेटीचा आणि दारूचा असा मिळून एक वास होता. डोळे मिटून त्या कोटाजवळ उभं राहिलं तरी कालचं लग्न कसं झालं असेल ते मला कळायचं.

आमचं घर कानावर चालायचं. अंधार पडायच्या सुमाराला आई चुलीपुढे बसायची, हात भाकरी थापायचे आणि कान गल्लीत असायचे. दाराची कडी एका झटक्यात निघाली तर सगळं ठीक. कडी दोन-तीनदा लाकडाला खरवडली की आई भाकरीची टोपली माझ्याकडे सरकवायची आणि मी ती घेऊन मागच्या पडवीत जायची, कारण टोपली लाथेने उडाली तर सगळेच उपाशी. चुलीवर हुलग्याचं माडगं कायम असायचं. दारू प्यालेल्या पोटाला तेवढंच धरतं असं तिचं म्हणणं. दादा मारायचे नाहीत. ते रडायचे, नाहीतर वस्तू फेकायचे, नाहीतर कुठेतरी बांधावर पडून राहायचे आणि आम्ही बत्ती घेऊन शोधत फिरायचो. यातलं आज काय होणार हे ठाऊक नसणं हाच खरा त्रास होता. अजूनही कुणी कडीशी खुडबुड केली की माझे हात आधी टोपली शोधतात. टोपली आता घरात नाही, स्टीलचा डबा आहे, तरी.

सोडवायचे उपाय झाले होते. कुणी अंगारा दिला, कुणी जेवणात कालवायची पूड दिली. गावाने एकदा देवळात नेऊन त्यांच्याकडून भंडारा उचलवला, म्हणजे देवाच्या साक्षीने शपथ घातली. शपथ बघायला सगळं गाव जमलं होतं. पुढच्या लग्नसराईत ती मोडली तेव्हा हसायलाही तेच गाव जमलं. मधल्या काळात, ज्या संध्याकाळी दादा अंगणात हात चोळत फेऱ्या मारायचे, तेव्हा आमच्या अंगणात कुणी बसायला आलं नाही.

मग त्यांचे पाय सुजले, डोळे पिवळे झाले आणि वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कामथडीच्या बाजूला, हायवेजवळ एक व्यसनमुक्ती केंद्र आहे तिथे न्यायला सांगितलं. दादा तिथे राहिले आणि आई आणि मी आठवड्याच्या आठवड्याला एसटीने जायचो. केंद्र म्हणजे भाताचं जुनं गोदाम, मधे पडदे लावलेले, मागे वांग्यांचे वाफे. तिथे शैलाताई होत्या, पुण्याहून येणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. त्या पहिल्या दिवशी दादा किती पितात हे विचारतील म्हणून मी सगळा हिशोब तोंडपाठ करून गेले होते. त्यांनी आईकडे बघून विचारलं, "तुम्हाला झोप लागते का हो?"

आई माझ्याकडे बघायला लागली. "मला? पित्यात ते, म्या न्हाई."

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही झोपता कधी?"

आईने पदर तोंडाला लावला आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. मला लाज वाटली, रागही आला. आम्ही नवरा दुरुस्त करायला आणला होता आणि ही बाई बायको उघडून बसली, असं मला वाटलं.

हळूहळू कळलं की त्यांची रीतच तशी होती. डॉक्टर यायचे, औषध द्यायचे, पण ते कामाचा एक कोपरा. बाकी सगळा माणूस उलगडून बघायचा. जेवतो कधी, झोपतो किती, कुणाशी बोलतो, कशाला घाबरतो. आणि घरातली माणसंही बघायची. एकदा शैलाताईंनी आमच्यासमोर दादांना पहिल्या घोटाबद्दल विचारलं.

"पयल्या लग्नात उस्तादानं पाजली," ते म्हणाले. "माणसं बगून माजं व्हट थरथरायचं. क्लॅरोनेट सगळं व्हटावर चालतंय, ताई. व्हट हालला की सूर फाटतो. दारू पिली की व्हट गप बसायचं."

"आणि अजून थरथरतात?"

"बिनपिता वाजवलंच कुठं कवा, कळायला."

आयुष्यभर लग्नं वाजवणाऱ्या माणसाला गर्दीची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. आईलाही तेव्हाच कळलं. शैलाताई म्हणाल्या, "दारू काढली तरी ही भीती जागच्या जागी राहणार. तिचं काय करायचं ते आपण सगळ्यांनी मिळून बघायचं." मला तोवर वाटत होतं की दारू म्हणजे दुखणारा दात, उपटला की झालं.

दादा घरी आले आणि आमची खरी धास्ती तेव्हा सुरू झाली. प्यायलेला माणूस कुठवर जाणार ते आम्हाला पाठ होतं. न प्यालेला माणूस परका होता. तो पहाटे उठायचा, ओढ्यापर्यंत चालून यायचा, वेळेवर भाकरी मागायचा, आणि मधेच अंगणात एकटक बघत थांबायचा. आई हात थांबवून त्याच्याकडे बघायची. मी दोघांकडे बघायची. गडद शांतता असायची आणि तिच्यात मला बसवत नसे. रोज संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या तोंडाजवळ जायची आणि वास घ्यायची. दादांना ते कळायचं. ते गप उभे राहायचे, जनावर बाजारात दात दाखवायला उभं राहतं तसे. केंद्राच्या बैठकीला आम्ही अजून जायचो, तिथे हे निघालं तेव्हा शैलाताई म्हणाल्या, "सुमन, तू पोलीस नाहीस गं."

"मग ते काम कोण करणार? तुमी येताय का रोज आमच्याकडं?" मी म्हटलं.

त्या हसल्या. "नाही येत. पण मोठा श्वास घेऊन उभं राहायच्याऐवजी त्यांना सरळ विचारून बघ, आज जड गेलं का म्हणून."

विचारून बघितलं. पहिल्यांदा दादा उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. नंतर एकदा म्हणाले, "व्हय. आज लई जड गेलं." मग आम्ही दोघं ओसरीवर बसलो आणि ते शेंगा सोलत राहिले. त्या दिवशी मी वास घेतला नाही.

होटांचं काम वेगळं चाललं होतं. आधी दादांनी गोठ्यात म्हशीपुढे वाजवलं. म्हैस काही टाळ्या वाजवत नाही, म्हणून ते बरं गेलं. मग ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांसमोर. त्यांनी "मास्तर, नवरी कुठं हाय?" म्हणून थट्टा केली, दादांचे कान लाल झाले, सूर दोनदा फाटला, पण ते पळाले नाहीत. शाळेत झेंड्याला वाजवलं. बाजाराच्या दिवशी वेल्ह्याला चहाच्या टपरीजवळ वाजवलं तेव्हा मी मिरच्यांच्या पोत्यामागे उभी राहून त्यांच्या होटांकडे बघत होते. थरथरत होते. पण थरथरतानाही सूर येतो हे त्यांना त्या दिवशी समजलं. घरी येताना ते स्वतःशीच गुणगुणत होते.

आता लग्नं घ्यायची तर सुपारी ठरवायला कुणीतरी हवं होतं. सुपारी म्हणजे बँडची बोलणी. आमच्याकडे बोलणीत वाजवणाऱ्यांची बाटली धरलेली असायची. ती न मागणारा बँड लोकांना खोटा वाटायचा. मी दहावी होऊन घरी बसले होते. मी म्हटलं, बोलणी मी करणार. पोरगी बोलणीला बसलेली बघून लोक आधी हसले. मी सांगायची, बाटली नको. मास्तरांना निघायच्या आधी भाकरी, मधे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मांडवात पोचली की सावलीत बसायला जागा. बाकीच्या वाजवणाऱ्यांना काय द्यायचं ते त्यांच्या घरी, मास्तरांच्या डोळ्याआड. कुणी म्हणालं, "एवढी नाटकं नवरदेवाची पण नसत्यात." मी म्हणायची, "मग नवरदेवालाच फुंकायला लावा." मला घासाघीस येते हे मला तिथे कळलं. माझ्या धंद्याचं मूळ तिथलं आहे, आणि ते मी पैशासाठी शिकले नाही. धास्तीने शिकले.

त्याच सराईत सारोळ्याच्या बाजूला, माझ्या आजोळी, मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मामा आईचा धाकटा भाऊ. हायवेलगत जमीन, बोलायला गोड, हसवण्यात पुढे. आईचा त्याच्यावर फार जीव. तो म्हणाला, घरचा बँड असताना बाहेरचा कशाला. मी माझ्या अटी त्यालाही सांगितल्या. तो माझा गाल ओढून म्हणाला, "सुमे, मामाला अटी घालती व्हय? आगं, दाजी माजं पण हायेत."

नवरदेवाची परण्या मारुतीच्या देवळापासून निघाली. वैशाखातलं ऊन. मी दादांच्या बाजूने चालत होते, हातात लिंबूपाण्याचा तांब्या. अर्ध्या वाटेवर पोरं नाचायला अडून बसली आणि तांब्या संपला. मी विहिरीवर भरायला गेले. परत येतेय तोवर मामा ट्रेमध्ये स्टीलचे ग्लास घेऊन आला होता. लांबून मला ऐकू आलं, "दाजी, घ्या, थंडा हाय. बर्फ टाकलाय. घसा वाळला असंल." दादांनी ग्लास घेतला आणि उभ्या उभ्या घटाघटा संपवला.

शेवटच्या घोटाला त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ग्लासात बघितलं, मग माझ्याकडे. "सुमे," ते म्हणाले, "ह्यात हाय."

मी ग्लासचा वास घेतला. रम. मामाच्या तोंडावर हसू होतं आणि त्याच्या मागे उभी असलेली त्याची दोन-चार दोस्तमंडळीही हसत होती. मी तो ग्लास मामाच्या फेट्यावर मारला. आजही मारेन. ढोल थांबला, पोरं थांबली. बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली.

"काय केलंस रं तू?" आईने विचारलं.

"गंमत केली आक्का! लगीनघर हाय. एवढ्यानं काय मरत्यात का दाजी? बग की, आता कसं वाजवत्यात."

दादा घामाने भिजले होते. त्यांचे होट मी बघितले. ते एकदम स्थिर होते. तेच मला सगळ्यात भयानक वाटलं. केंद्रात एक गोष्ट ठरलेली होती: पाय घसरला तर लपवायचं नाही, एकट्याने आवरायला बघायचं नाही, त्याच दिवशी यायचं. दादा म्हणाले, "मला हितं थांबता येत न्हाई. म्या कामथडीला जातो."

मामाचं हसू गेलं. "आन् परण्या? मांडवाच्या तोंडावरनं वाजंत्री उठून गेला तर पोरीला अपशकुन व्हईल. पाव्हणं काय म्हणतील? दाजी, हे केलंत तर ह्या दारात पुन्ना पाय ठेवायचा न्हाई. आक्का, तुज्यासकट."

नवरदेवाकडची माणसं कुजबुजायला लागली होती. दादा आईकडे बघत होते. ते तिच्या एका शब्दावर थांबले असते, मला खात्री आहे. वाजवलंही असतं, आणि मग दुसरा ग्लासही घेतला असता. आईने भावाकडे बघितलं, मांडवाच्या दिशेने बघितलं, जिथे तिची भाची मुंडावळ्या बांधून बसली होती. मग म्हणाली, "तुमी जावा. सुमे, ह्यांच्यासंगं जा. हितलं म्या बगते."

ती तिथे थांबली. तिला काय काय ऐकावं लागलं ते तिने मला कधी सांगितलं नाही.

लग्नसराईच्या गर्दीने एसटी थांबत नव्हती, म्हणून आम्ही हायवेच्या कडेने चालायला लागलो. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरोनेट. ट्रकवाले भोंगे वाजवून चिडवत होते. एक मोटारसायकलवाला ओरडला, "मास्तर, वरात सांडली का?" दादांनी मान वर केली नाही. रस्त्याला प्रत्येक ढाब्यावर दारूची पाटी. मी त्यांच्या आणि ढाब्यांच्या मधून चालत होते, जणू माझ्या अंगाने पाटी झाकली जाणार होती. ते सारखे होट चाटत होते. "जड जातंय?" मी विचारलं. "बोलू नगंस. चालत ऱ्हा," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "न्हाई, बोल. काय पण बोल." मग मी बोलत सुटले. म्हशीबद्दल, भाताच्या रोपांबद्दल, मामाला मी कशी पोलिसात देणार आहे याबद्दल.

पुढे त्यांना उभं राहवेना. एका ढाब्याबाहेर बाभळीखाली त्यांना बसवून मी पाणी आणायला आत गेले. ढाबेवाल्याने मुद्दाम उशीर लावला, वर विचारलं, "पानीच पायजे ना?" तांब्या घेऊन बाहेर आले तर बाभळीखाली कोट पडला होता. दादा नव्हते.

मी आत जाऊन टेबलं बघितली, लोक माझ्याकडे बघून हसले. मी नावाने हाका मारायला लागले. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीआड, ते गुडघ्यावर बसले होते आणि बोटं घशात घालून ओकत होते. काही उरलं नव्हतं तरी ओकत होते. मी पाठीवर हात ठेवला. "निगंना गं सुमे," ते म्हणाले, "आत बसलीया. निगंना."

टोमॅटोच्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला मागे बसवलं. कामथडीला केंद्राची बैठक चालू होती, गोलात बसलेली माणसं, त्यांच्या बायका, कुणाची म्हातारी. दादा त्या गोलाच्या मधोमध उभे राहिले. गर्दी होती आणि होट थरथरत होते. "म्या आज पिलो," ते म्हणाले. "मला पाजली. पण पोटात माज्याच गेली. मला परत पायजे वाटतंय. म्हून आलोय." कुणी हसलं नाही. एक म्हातारा सरकला आणि त्याने आपल्या शेजारी जागा केली. शैलाताईंनी मला वेगळं नेऊन विचारलं, तू काही खाल्लंस का? मी सकाळपासून जेवले नव्हते हे मला तेव्हा आठवलं.

दादा त्यानंतर कधी प्यायले नाहीत. हे मी जेवढ्या सहज लिहिते तेवढं ते सहज नव्हतं. कितीतरी वर्षं आम्ही अर्धं पोट धास्तीने भरूनच झोपलो. पण मामाने आधीच आपली गोष्ट नात्यात फिरवली होती: दाजींनी मागून घेतली, पिऊन तर्र झाले, मांडवात पोरीने ग्लास मारला आणि बापाला घेऊन पळाली. "गंमत केली" हे त्याचे शब्द पन्नास माणसांनी ऐकले होते, पण ऐकलेलं कुणी बोललं नाही. पुढच्या सराईत आमच्या सुपाऱ्या गळाल्या. मास्तर परत प्यायला लागला म्हणे. न पिता वाजवणारा माणूस प्यायलेला म्हणून घरी बसला.

आणि आई. मामाने माहेरचं दार तिला खरंच बंद केलं. भाऊबिजेला ती पाट न मांडता निरांजन लावते आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. माझ्या आईला भाऊ आहे, हायवेने तासाभरावर. दादा गेले तेव्हा तो दहाव्याला आला, लांब उभा राहिला आणि कुणाला तरी म्हणाला, "शेवटी दारूनंच नेला." दादा हृदयविकाराने गेले होते, भात झोडताना, ताक पिऊन.

हे सगळं मी आजवर पोटात ठेवलं. पण मागच्या महिन्यात मामाच्या गावातून मंडपाची मागणी आली. व्यसनमुक्तीचा मेळावा आहे, अध्यक्ष तोच, गावात त्याला आप्पा म्हणतात. फोनवर बोलणारा पोरगा कौतुकाने सांगत होता, "आमच्या आप्पांनी स्वतःच्या दाजींना दारूतनं बाहेर काढलं होतं, माहितीय का तुमाला?"

मंडप मी दिला नाही. मामा, तुम्ही आता म्हातारे झालात, पण तोंड अजून चालतं, मेळाव्यात बोलणार आहात. मग त्याआधी एक दिवस भोरला या. आई माझ्याकडे असते, तिचे कान अजून चांगले आहेत. तिच्यासमोर बसून सांगा, दाजींनी मागितली होती का? नसेल मागितली, तर तुम्ही तिचं माहेर कशासाठी बंद केलंत? ती विचारणार नाही. मी विचारतेय. उत्तर द्या.